मंडईची गल्ली पेस्टलमध्ये: फोटोवरून रस्त्याचं चित्र कसं करावं

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मी पुण्यात तुळशीबागेकडून मंडईकडे चालले होते. डावीकडची घरं उन्हाला पाठ करून उभी, त्यामुळे गल्लीत अजून गारवा होता. सगळा रस्ता सावलीत. फक्त दोन इमारतींमधल्या बोळातून उन्हाचा एक पट्टा रस्त्यावर तिरपा पडला होता आणि नेमकी त्या पट्ट्यात संत्र्यांची हातगाडी उभी होती. मागे धुरकट हवेत मंडईचा मनोरा. मी मोबाइल काढून चार-पाच फोटो घेतले. त्यातल्या एका फोटोवरून पुढे मी तीन वेळा पेस्टलमध्ये चित्र केलं, आणि तिसऱ्या वेळी जे जमलं त्याच्या आधारावर हा लेख लिहिते आहे. तुम्ही तुमच्या गावातली, तुमच्या ओळखीची गल्ली घ्या. पायऱ्या याच राहतील.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रस्त्याचं चित्र करताना सगळ्यात आधी सावली पकडायची. गल्लीत शंभर वस्तू असतात: पाट्या, शटर, दुचाक्या, वायरी, सज्जे, माणसं. त्या एकेक करून काढायला गेलात तर चित्र विस्कटतं. पण सावलीत असलेली घरं, सावलीतला रस्ता आणि समोरच्या भिंतीवर चढलेली सावली हे सगळं मिळून एकच मोठा आकार असतो. तो एकसंध आकार नीट बसला की वस्तू त्यात आपोआप जागा घेतात. पहिल्या दोन चित्रांत मी हे केलं नव्हतं. प्रत्येक दुकान वेगळ्या रंगात, प्रत्येक पाटी वाचता येईल अशी. गल्ली गल्लीसारखी दिसत होती, पण त्या सकाळचं ऊन कुठेच नव्हतं.

साहित्य

शाळेत आपण वापरले ते तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल. त्यात तेल आणि मेण असतं. हा लेख सॉफ्ट पेस्टलबद्दल आहे: रंगाची पूड, थोडी खडूसारखी पांढरी भुकटी आणि कांडी बांधून ठेवण्यापुरता डिंक, एवढंच. दुकानात 'सॉफ्ट पेस्टल' असं स्पष्ट सांगून मागा, नाहीतर हातात तेलखडूंचा डबा यायची शक्यता बरीच असते.

सुरुवातीला मुंग्योचा अर्ध्या कांड्यांचा किंवा फेबर-कॅसलचा साधा संच पुरतो. मात्र विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक संचांमध्ये गडद रंग फार थोडे असतात. फिके गुलाबी, फिके निळे भरपूर, आणि गडद म्हणून एक काळा, एक तपकिरी. रस्त्याच्या चित्रात अर्धा कागद सावलीचा असतो, तो या दोन कांड्यांवर निभत नाही. एकेकटी कांडी विकणारं दुकान मिळालं तर तीन कांड्या जास्तीच्या घ्या: गडद जांभळी, गडद निळसर हिरवी आणि काळपट तपकिरी. नुसता काळा रंग सावलीत लावला की तिथे भोक पडल्यासारखं दिसतं. हे तीन एकमेकांवर चढवले की काळ्याइतकीच गडद, पण श्वास घेणारी सावली मिळते.

कागद गुळगुळीत चालत नाही. पेस्टल कागदाला चिकटत नाही, तो कागदाच्या दाण्यात अडकतो. कार्ट्रिज पेपरवर दोन थर झाले की तिसरा घसरायला लागतो. कॅन्सनचा 'मी-तँत' हा १६० जीएसएमचा रंगीत कागद आपल्याकडे सहज मिळतो. त्याच्या एका बाजूला मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, दुसरी बाजू बारीक दाण्याची असते. बारीक बाजू वापरा. जाळीच्या बाजूवर घरांच्या भिंती आणि आकाश, सगळीकडे तीच नक्षी उमटते आणि ती शेवटपर्यंत झाकत नाही. ५० × ६५ सेंमीचा ताव घेऊन त्याचे चार तुकडे केले की एक तुकडा २५ × ३२.५ सेंमीचा होतो. नवख्यासाठी हा आकार अगदी योग्य: एका सुट्टीच्या दिवशी चित्र पुरं होतं आणि मोबाइलच्या ३:४ फोटोशी त्याचं प्रमाण जवळजवळ जुळतं.

कागदाचा रंग पांढरा नको. मातकट तपकिरी किंवा उबदार करडा घ्या. पुढे जिथे जिथे रंग विरळ लागेल तिथून हा रंग डोकावेल आणि सगळं चित्र एका धाग्यात बांधेल. जुन्या पेठांमधल्या विटा, माती, गंजलेले पत्रे यांच्याशी तो मुळातच मिळताजुळता आहे.

वाळूच्या दाण्याचे खास पेस्टल कागदही मिळतात, त्यांवर आठ-दहा थर सहज चढतात, पण ते महाग आहेत. सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातला, पाण्यात चालणारा ४०० किंवा ६०० नंबरचा पॉलिश पेपर वापरून बघा. रंग छान धरतो. कांड्या मात्र भराभर झिजतात आणि असा कागद चित्र टिकवण्यासाठी बनवलेला नसतो. त्यामुळे कोणाला द्यायचं किंवा विकायचं चित्र त्यावर करू नका.

याशिवाय: एक कडक बोर्ड, मास्किंग टेप, पातळ कोळशाची काडी किंवा पेस्टल पेन्सिल, मळून वापरायचा खोडरबर, जुना राठ केसांचा ब्रश, ओलं फडकं. आणि डब्यात मूठभर तांदूळ. काम करताना कांड्या एकमेकींच्या चुऱ्याने मळतात, मग पिवळी कुठली नि मातकट कुठली ते कळेनासं होतं. तांदळाच्या डब्यात घालून हलक्या हाताने हलवल्या की स्वच्छ निघतात. (ते तांदूळ पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.)

चुरा

हा भाग छोटा आहे, पण वगळू नका. पेस्टलची भुकटी नाकातोंडात जाते आणि काही रंगद्रव्यं विषारी असतात. कागदावरचा चुरा कधीही फुंकू नका. बोर्ड खाली काढून त्याची कड कचऱ्याच्या डब्यावर हलकेच आपटा. बोर्ड टेबलावर आडवा ठेवण्यापेक्षा उभा, जमल्यास वरून किंचित पुढे झुकलेला ठेवा, म्हणजे चुरा चित्रावर न साचता खाली पडतो. खाली वर्तमानपत्राची पन्हाळ करून ठेवा. पंखा बंद. काम झाल्यावर केरसुणी न मारता ओल्या फडक्याने जमीन पुसा. घरात दम्याचं कोणी असेल किंवा रांगतं मूल असेल तर वेगळी खोली घ्या, आणि स्वतः मास्क लावाच.

फोटो

स्वतः काढलेला फोटो घ्या. दुसऱ्याचा घ्यायचा असेल तर परवानगी घ्या, विशेषतः चित्र प्रदर्शनात किंवा स्पर्धेत द्यायचं असेल तर. स्वतःच्या फोटोचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. तुम्ही तिथे उभे होतात. कॅमेऱ्याने जे हरवलं ते तुमच्या आठवणीत असतं.

आणि कॅमेरा बरंच काही हरवतो. उन्हाचा भाग नीट यावा म्हणून तो सावल्या काळ्या करतो, किंवा सावली दिसावी म्हणून आकाश पांढरंफटक करतो. माझ्या फोटोत आकाश कोऱ्या कागदासारखं आलं होतं आणि डावीकडच्या वाड्याची लाकडी गॅलरी काळ्या ठोकळ्यासारखी. प्रत्यक्षात त्या गॅलरीचे खांब, मागचा निळा दरवाजा, कठड्यावर वाळत घातलेली चादर मला स्पष्ट दिसत होती. म्हणून फोटो काढतानाच दोन घ्या: एक उन्हाच्या भागावर बोट ठेवून, एक सावलीच्या भागावर बोट ठेवून. आणि फोटोबरोबर चार ओळी लिहून ठेवा: वेळ, ऊन कुठून येतंय, सावलीचा रंग काय वाटतोय. घरी गेल्यावर या चार ओळी फोटोइतक्याच कामाला येतात.

मोबाइलचं भिंग रुंद असतं. अरुंद गल्लीत कॅमेरा वर केला की इमारती मागे कलंडल्यासारख्या दिसतात आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. दोन पावलं मागे जाऊन, दुप्पट झूम करून, मोबाइल सरळ उभा धरून फोटो घ्या. तरी कललेल्या रेषा आल्याच तर चित्रात त्या उभ्या करायच्या.

कुठला फोटो निवडायचा? ज्यात एका बाजूने ऊन आहे तो. दुपारी बाराचा फोटो, ढगाळ दिवसाचा फोटो किंवा फ्लॅशचा फोटो पहिल्या चित्रासाठी घेऊ नका. सकाळी दहाच्या आत आणि दुपारी चारच्या पुढे गल्ल्या स्वतःच चित्र मांडून देतात.

फोटोची ए-फोर आकाराची रंगीत प्रत काढा आणि सोबत एक कृष्णधवल प्रत. दुसरी जास्त उपयोगी पडेल.

व्हिजिटिंग कार्डाएवढं चित्र

कागदाला हात लावण्याआधी वहीत व्हिजिटिंग कार्डाएवढी तीन-चार चित्रं करा, फक्त कोळशाने. डोळे बारीक करून कृष्णधवल फोटोकडे बघा. तपशील विरघळतात आणि तीनच गोष्टी उरतात: गडद, मधलं, फिकं. कोळशाने गडद भाग सपाट भरून टाका. दुकान कुठे संपतं आणि रस्ता कुठे सुरू होतो याची फिकीर करू नका. डावीकडच्या भिंती, रस्ता, उजव्या भिंतीचा पायथा, सगळं एकाच काळ्या आकारात जाऊ द्या.

माझ्या गल्लीत हा आकार जाड, उलट्या लिहिलेल्या 'एल'सारखा आला, आणि त्याला मध्येच कापून जाणारा तिरपा पांढरा पट्टा. एवढ्याशा चित्रात सुद्धा ऊन जाणवलं पाहिजे. जाणवत नसेल तर फोटो कापून बघा. मी वरचं बरंच आकाश आणि उजवीकडची पार्क केलेल्या दुचाक्यांची रांग कापली, त्यामुळे हातगाडी मधोमध न राहता किंचित उजवीकडे आली. या टप्प्याला अर्धा तास द्या. पुढचे तीन तास वाचतात.

रेखाटन

शिशाच्या पेन्सिलने रेखाटू नका. शिसं कागद चकचकीत करतं आणि त्यावर पेस्टल धरत नाही. पातळ कोळसा किंवा तपकिरी पेस्टल पेन्सिल घ्या.

पहिली रेषा क्षितिजाची, म्हणजे तुमच्या डोळ्यांच्या उंचीची. फोटोत ती शोधायची एक सोपी युक्ती आहे. फोटोच्या प्रतीवर पट्टी ठेवून डावीकडच्या गॅलरीची रेषा, दुकानांच्या पाट्यांची रेषा आणि फूटपाथची कड पुढे वाढवा. वरच्या रेषा खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि सगळ्या एका बिंदूपाशी भेटतात. तो व्हॅनिशिंग पॉइंट. त्यातून जाणारी आडवी रेषा म्हणजे क्षितिज. जुन्या पेठांमधल्या गल्ल्या वाकड्या असतात, त्यामुळे एकेका इमारतीचा बिंदू थोडा डावी-उजवीकडे सरकतो. घाबरू नका, फक्त तो बिंदू त्याच आडव्या रेषेवर राहील एवढं बघा.

त्या रेषेचा दुसरा उपयोग माणसांना होतो. तुम्ही उभं राहून फोटो काढला असेल आणि रस्ता सपाट असेल तर जवळची असोत वा लांबची, उभ्या माणसांची डोकी साधारण त्याच रेषेवर येतात. पाय मात्र जवळच्यांचे खाली, लांबच्यांचे वर. हे एकदा कळलं की रस्त्यावरची माणसं हवेत तरंगत नाहीत.

मग मोठे ठोकळे: डावी रांग, उजवी रांग, आकाशाचा तुकडा, मनोरा, उन्हाचा पट्टा. हातगाडी म्हणजे एक चपटी पेटी. रिक्षा म्हणजे एक खोका. खिडक्या अजून नकोत. मनोऱ्याची उंची गॅलरीच्या उंचीशी ताडून बघा. मनोरा आवडतो म्हणून आपण तो हमखास मोठा काढतो. काळ्या दगडाची ती इमारत १८८० च्या दशकात 'रे मार्केट' म्हणून उभी राहिली, आज ती महात्मा फुले मंडई. पुणेकराला तिची बाह्यरेषा पाठ असते, म्हणूनच इथे आठवणीवर भिस्त न ठेवता फोटोवर मोजा.

पहिला थर

आता पंधरा-सोळा कांड्या निवडून वेगळ्या ताटलीत ठेवा: पाच गडद, पाच मधल्या, पाच फिक्या. पूर्ण डबा समोर असला की हात भरकटतो. निवडलेल्या कांडीची एक रेघ कागदाच्या कडेच्या पट्टीवर ओढून बघा, कारण कांडीवर दिसतो तो रंग आणि कागदावर उमटतो तो रंग यात फरक असतो.

गडद जांभळी कांडी मोडून दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा करा. नव्या कांड्या मोडायला जीव होत नाही हे मला ठाऊक आहे, पण अख्ख्या कांडीने फक्त टोक वापरता येतं. तुकडा आडवा धरून हलक्या हाताने संपूर्ण सावलीचा आकार भरा. वाडा, रस्ता, रिक्षा, उजव्या भिंतीचा खालचा भाग, सगळ्यावरून एकच जांभळा. थांबू नका, कडा सोडू नका. उन्हाच्या भागांत फिकट गेरू किंवा पीचचा विरळ थर. आकाशाच्या जागी पिवळसर पांढरा.

हा पहिला थर, आणि फक्त हाच, तळव्याने किंवा फोमच्या तुकड्याने हलकेच चोळून कागदात बसवा. यापुढे बोट लावायचं नाही. नवखे लोक प्रत्येक थर बोटाने चोळतात आणि चित्र मलमासारखं गुळगुळीत, निस्तेज होतं. पेस्टलची झळाळी ही दाण्यांवर बसलेल्या न चोळलेल्या पुडीतून येते. फ्रेंच चित्रकार देगाने आयुष्याच्या उत्तरार्धात केलेली पेस्टलं जवळून बघितली तर एकावर एक ओढलेल्या रेघा दिसतात, आणि खालचा रंग वरच्या रेघांमधून चमकत असतो.

आता चार पावलं मागे जा. एवढ्यातच ऊन दिसायला लागलं पाहिजे.

सावलीच्या आतले रंग

माझ्या मते सगळ्या चित्रातला हा सर्वांत सुंदर भाग आहे, म्हणून जरा रेंगाळते.

फोटोत सावली एकाच करड्या-काळ्या रंगाची दिसते. प्रत्यक्षात सावलीलाही उजेड मिळतच असतो, फक्त तो सूर्याकडून थेट येत नाही. रस्ता वर आकाशाकडे तोंड करून असतो, म्हणून रस्त्यावरच्या सावलीत आकाशाचा निळा उतरतो. डावीकडची भिंत मात्र समोरच्या उन्हाने पेटलेल्या भिंतीकडे तोंड करून असते, म्हणून तिच्या सावलीत ऊब येते. त्या सकाळी समोर पिवळसर चुन्याची भिंत होती आणि तिचा परतलेला उजेड गॅलरीच्या तक्तपोशीला खालून लागत होता. सज्जाचा खालचा भाग, जो सगळ्यात काळा असेल असं वाटतं, तोच नारिंगी तपकिरी दिसत होता.

म्हणून रस्त्याच्या जांभळ्यावर मध्यम निळ्या-करड्याच्या आडव्या विरळ रेघा. डाव्या भिंतीच्या जांभळ्यावर विटकरी, गेरू, थोडा राखाडी हिरवा, उभ्या रेघांमध्ये. सज्जाखाली एक-दोन फटकारे गडद नारिंगीचे. सगळे रंग गडदपणात एकमेकांच्या जवळ हवेत. शंका आली की डोळे बारीक करा: सावलीचा आकार फुटून त्यात फिके डाग दिसत असतील तर तेवढे डाग पुन्हा गडद करा.

गडद निळसर हिरवा आणि काळपट तपकिरी फक्त खोल जागांसाठी ठेवा: दुकानांच्या आतला अंधार, रिक्षाच्या चाकांमागे, हातगाडीच्या खाली. चित्रात अशा सात-आठ जागा पुरतात.

सावलीतली रिक्षा हा एक फसवा तुकडा. आपल्याला माहीत असतं की टप पिवळा आहे, म्हणून हात थेट लिंबू पिवळ्याकडे जातो आणि रिक्षा दिव्यासारखी पेटते. सावलीतला पिवळा हा पिवळा नसतोच. तो गडद गेरू असतो, थोडा हिरवट. कागदाला एक सेंटिमीटरचं भोक पाडून त्यातून फोटोतल्या टपाकडे बघा, म्हणजे 'रिक्षा' हा शब्द डोक्यातून जातो आणि नुसता रंग उरतो. ही भोकाची युक्ती पांढऱ्या सदऱ्यांना आणि हिरव्या पानांनाही लावा.

आकाश, मनोरा, उन्हातल्या भिंती

फोटोतलं पांढरं आकाश विसरा. हिवाळ्यातल्या सकाळी पेठांवर धुरकट थर असतो: खाली क्रीम-पीच, वर जाताना फिकट निळा. वरून खाली, आणि इमारतींच्या कडांवर किंचित चढून लावा. मग मनोरा. त्याचा दगड काळा आहे, पण तो लांब आहे आणि मध्ये धूसर हवा आहे. आकाशापेक्षा फक्त एक-दोन पायऱ्या गडद असा निळसर करडा घ्या. डावी कड आकाशात थोडी विरघळू द्या. मी पहिल्यांदा मनोरा त्याच्या खऱ्या दगडी रंगात केला होता, तर तो उडी मारून हातगाडीच्या शेजारी आला.

उजवीकडच्या भिंतींचा वरचा भाग उन्हात. इथे आता दाब वाढवायला हरकत नाही. क्रीम, फिकट गेरू, एखादा गुलाबी. जाड रंगाचे मोजके फटकारे, आणि एकदा लावला की त्याला पुन्हा हात नाही. खिडक्या म्हणजे भिंतीत पाडलेले मध्यम निळे-करडे तुकडे, चौकटी नकोत. पेस्टलमध्ये गडदाकडून फिक्याकडे आणि विरळाकडून जाडाकडे जायचं. कडक कांड्या आधी, मऊ कांड्या नंतर.

उन्हाचा पट्टा आणि संत्री

रस्त्यावरचा पट्टा पांढरा नाही. उबदार फिकट करडा, त्यात थोडा पीच. त्याच्या दोन्ही कडा सारख्या काढू नका. सावली पाडणारी इमारत जवळ असते तिथे सावलीची कड धारदार असते, जसजशी लांब जाते तसतशी मऊ होते. डावीकडे बोळाच्या तोंडाशी कड नेमकी, उजवीकडे भिंतीपाशी पोचेपर्यंत थोडी पसरलेली. एवढ्या एका गोष्टीने पट्टा रस्त्यावर पडलेला दिसतो. नाहीतर तो रस्त्यावर रंगवलेला वाटतो.

हातगाडीवर दीड-दोनशे संत्री असतील. मी काढली सहा. आधी सगळ्या ढिगाचा एकच आकार, गडद विटकरी नारिंगीने. त्यावर उन्हाच्या बाजूने मध्यम नारिंगीचे गोलसर ठसे, मध्येमध्ये खालचा गडद उघडा सोडून. मग सगळ्यात मऊ, सगळ्यात झळझळीत नारिंगीचे सहा ठिपके, प्रत्येक एकाच दाबात, कांडी किंचित फिरवून. पूर्ण चित्रात हा शुद्ध नारिंगी दुसरीकडे कुठेही नाही, आणि भोवती निळी-जांभळी सावली आहे. ढिगाखाली गाडीची सावली, तीही पट्ट्याच्या आतच, गडद जांभळी.

माणसं, पाट्या, वायरी

माणसं चार पुरेत. डोक्याचा ठिपका, खांद्याचा रुंद फटकारा, खाली निमुळतं होत जाणारं शरीर. दोन पाय वेगळे काढू नका. एकाची टाच उचललेली दाखवली की तो चालायला लागतो. पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाच्या खांद्यावर आणि डोक्यावर उन्हाचा एकेक ठिपका. बाकीचे सावलीत मिसळले तरी चालतील.

पाट्यांवरची अक्षरं लिहायची नाहीत. आपल्या लिपीने इथे मोठी सोय करून ठेवली आहे: शिरोरेघ. व्हॅनिशिंग पॉइंटकडे जाणारी एक फिकी तुटक रेघ ओढा, तिच्याखाली चार-पाच उभ्या-तिरप्या खुणा लटकवा, एखादी वेलांटी रेघेच्या वर. मराठी पाटी तयार. वाचता काहीच येत नाही आणि तरी बघणारा ती मराठीच समजतो.

वायरींबद्दल: फोटोत माझ्या गल्लीवर मी तेवीस वायरी मोजल्या. चित्रात तीन घेतल्या. पेस्टल पेन्सिलने, खांद्यातून हात फिरवत, एका झटक्यात, मध्ये दाब कमी करून तुटू द्यायची. तिन्ही वायरी डोळ्याला मनोऱ्याकडे नेतील अशा निवडल्या. चित्राच्या बाहेर पळणारी वायर घेऊ नका.

बिघडलं तर

एखाद्या जागी दाणा भरून रंग धरेनासा झाला तर राठ ब्रशने तेवढा भाग खाली झाडा, मळलेल्या रबराने टिपा (घासू नका) आणि पुन्हा सुरू करा. पेस्टलमध्ये वाळायची वाट बघावी लागत नाही, हा त्याचा मोठा आधार आहे. चुकलेली भिंत पाच मिनिटांत नवी होते.

फिक्सेटिव्ह, म्हणजे पूड कागदावर पक्की करणारा फवारा, जपून. फवारल्यावर रंग गडद होतात आणि फिके रंग तर कधी कधी नाहीसेच होतात. माझ्या दुसऱ्या चित्रावर मी शेवटी जवळून भरपूर फवारा मारला आणि संत्र्यांवरचं सगळं ऊन गेलं, आकाश मळकट झालं. आता मी मधल्या टप्प्यात, फक्त गडद थर बसवायला, हातभर लांबून एक हलका फवारा मारते, तोही गच्चीवर. शेवटच्या थरावर काही नाही.

शेवटचा अर्धा तास फोटो पालथा घालून ठेवा. चित्र आरशात धरून बघा. कललेली भिंत लगेच दिसते. आता फोटोशी जुळवायचं नाही, चित्राला काय हवं ते द्यायचं. मी इथे डावीकडच्या दोन दुकानांवर पुन्हा जांभळा फिरवून त्यांना सावलीत ढकललं, कारण ती संत्र्यांशी भांडत होती.

जपून ठेवताना

चित्राच्या पृष्ठभागाला काही लागता कामा नये. फ्रेम करेपर्यंत वर ग्लासिन किंवा बटर पेपर ठेवून, चारही कडा टेपने पक्क्या करून, दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवा. गुंडाळी कधीच नाही. फ्रेमवाल्याला सांगा की काच चित्राला टेकायला नको, मध्ये जाड माउंट किंवा पट्टी हवी. ॲक्रिलिकची पारदर्शक शीट नको, तिच्यात स्थिर वीज साठते आणि ती पूड ओढून घेते. फ्रेम नेताना चित्र चेहरा वर करून न्या.

आणि पावसाळा. कागदावर डिंकमिश्रित पूड म्हणजे बुरशीला आमंत्रण. कोकणात, मुंबईत, किंवा पुण्यातही बाहेरून ओल येणाऱ्या भिंतीवर पेस्टल टांगू नका. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये हवा खेळती राहील. गणपतीच्या सुमाराला एकदा फ्रेम उतरवून मागचा पुठ्ठा हाताने चाचपा. दमट लागला तर आतलं चित्र तसंच ठेवून मागची बाजू उघडा आणि पंख्याच्या खोलीत, वाऱ्याच्या थेट झोतापासून लांब, दोन दिवस वाळू द्या.